निकषांविना वचने

जामनेरसह जळगाव जिल्ह्यातील केळी बागायतदारांसाठी असलेली हवामान आधारित फळपीक विमा योजना एका साध्या तत्त्वावर उभी आहे: महसूल मंडळासाठी नेमलेल्या हवामान केंद्रावर तापमान किंवा वाऱ्याचा वेग ठरलेल्या कालावधीत ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, की भरपाई देय होते. ही मर्यादा, म्हणजेच योजनेच्या भाषेतील ‘ट्रिगर’, आणि तिच्यानुसार द्यावयाची रक्कम आधीच जाहीर झालेली असते. केंद्रावरील नोंद व बागेतील प्रत्यक्ष स्थिती यांत तफावत पडते आणि भरपाई रेंगाळते, हे दोष कृषी क्षेत्रातील कार्यकर्त्यांना ठाऊकच आहेत. तरीही देणे कोणाचे, केव्हा आणि किती, हे येथे कागदावर निश्चित असते.

जागतिक हवामान वाटाघाटींत हीच निश्चिती तीन दशकांत येऊ शकलेली नाही. १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारचौकटीने ‘समान, परंतु भिन्न जबाबदाऱ्या’ हे तत्त्व, म्हणजे ज्यांनी अधिक उत्सर्जन केले व ज्यांची ऐपत अधिक त्यांनी पुढाकार घ्यावा हा दंडक, मान्य केला. मात्र २०१५ च्या पॅरिस करारात प्रत्येक देश आपले उद्दिष्ट स्वतःच ठरवतो आणि ते चुकल्यास दंड नाही. विकसनशील देशांना २०२० पर्यंत दरसाल १०० अब्ज डॉलर उभे करून देण्याचे २००९ मधील कोपनहेगनचे वचन २०२२ मध्ये पुरे झाले; २०२४ मध्ये बाकू येथील हवामान परिषदेत दरसाल १,३०० अब्जांची गरज मांडली जात असता २०३५ पर्यंत दरसाल ३०० अब्जांवर बोळवण झाली. टाळता न आलेल्या हानीसाठी २०२२ मध्ये मान्य झालेला ‘हानी व नुकसान निधी’ ऐच्छिक योगदानावर चालतो, आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने पॅरिस करारातून पुन्हा बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला.

या दुबळेपणाची किंमत खानदेशात मोजली जाते. मे महिन्यातील उष्ण वाऱ्यांनी पाने करपतात, घड सटकतात, हिवाळ्यातील कडाक्याने वाढ खुंटते आणि पावसाळ्याच्या तोंडावरील वादळे उभ्या बागा आडव्या करतात. अशा घटना वाढल्या की ट्रिगर वारंवार लागू होतो, विमा हप्त्याचे दर चढतात आणि तो भार बागायतदाराबरोबरच राज्य व केंद्राच्या तिजोरीवर, अर्थात ज्यांचे दरडोई उत्सर्जन तुलनेने अल्प आहे अशा समाजावरच पडतो. भुसावळजवळील दीपनगरचे औष्णिक केंद्र कोळशावरच चालते आणि एकूण उत्सर्जनात भारत आज आघाडीच्या देशांत गणला जातो, हे मान्य केल्यानेही ही विषमता मिटत नाही.

म्हणून हानी निधीलाही पूर्वनिश्चित निकष, बंधनकारक वाटा व मुदत असावी, ही मागणी भारतीय शिष्टमंडळांनी धरून ठेवणे आवश्यक आहे. कृषी सहायक, विमा प्रतिनिधी व संशोधक यांचे काम त्याआधीच सुरू होते: हवामान केंद्रांची देखभाल, मंडळनिहाय नोंदींचे जतन आणि प्रत्यक्ष नुकसानीशी त्यांची पडताळणी झाली नसेल, तर उद्या निकष मान्य झाले तरी जामनेरच्या बागायतदाराचा दावा पुराव्याअभावी उभा राहणार नाही.