मासे सोडले म्हणजे नदी वाचली का? कावेरीतल्या महसीरची गोष्ट काय सांगते?

पावसाळा सुरू झाला की तलावात, धरणात मत्स्यबीज सोडल्याचे फोटो दिसू लागतात. पिशवीतली बोटुकली पाण्यात पडते, टाळ्या वाजतात. पण मासा कुठला, तो कुठून आणला आणि आधी त्या पाण्यात कोण राहत होतं, हे प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. दक्षिणेतल्या कावेरी नदीत हे प्रश्न उशिरा विचारले गेले. त्याची किंमत एक दुर्मीळ मासा मोजतोय. या प्रकरणाचा एक धागा थेट लोणावळ्याशी जोडलेला आहे.

लोणावळ्याचा मासा कावेरीत कसा पोहोचला?

निळसर परांचा महसीर, म्हणजे 'टॉर खुद्री', हा आपल्याकडचा मासा. 1839 मध्ये कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठा नदीतल्या माशावरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे धरणं आणि बेसुमार मासेमारीमुळे तो कमी होऊ लागला. मग 1970 च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटांच्या वीज कंपनीने महसीरचं बीज तयार करणारं केंद्र उभं केलं.

तलावातले मोठे मासे पकडायचे, त्यांची अंडी काढून फलित करायची, पिल्लं वाढवायची आणि सोडायची, असं हे काम. ते यशस्वीही झालं. 'आययूसीएन'च्या लाल यादीत हा मासा आता धोक्यातल्या प्रजातींमध्ये नाही.

मात्र ही पिल्लं महाराष्ट्राबाहेरही गेली. त्यातली काही कावेरीत सोडली गेली.

मग बिघडलं कुठे?

कावेरीचा स्वतःचा महसीर आहे. उंच पाठीचा, नारिंगी परांचा आणि आकाराने अवाढव्य. 1946 मध्ये कावेरीची उपनदी काबिनीत गळाला लागलेला महसीर 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा होता. हा मासा जगभरातल्या हौशी मासेमारांना माहीत होता. पण त्याचं शास्त्रीय नाव 2018 पर्यंत पक्कं नव्हतं. त्या वर्षी संशोधकांनी तो 'टॉर रेमादेवी' असल्याचं दाखवलं आणि त्याच वर्षी लाल यादीत त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली.

थोडक्यात, नदीत मूळचा मासा कोणता हे ठरण्याआधीच कित्येक वर्षं दुसरा मासा सोडला जात होता.

हे लक्षात कसं आलं?

गळ टाकणाऱ्यांच्या नोंदींमुळे. कावेरीकाठच्या गलीबोरे कॅम्पमध्ये मासा पकडून, वजन करून परत सोडायचा नियम होता. 1998 ते 2012 या काळातल्या 23,620 तासांच्या मासेमारीत 6,161 महसीर गळाला लागले.

वरवर पाहता आकडे आनंदाचे होते. दर तासाला मिळणारे मासे वाढत होते आणि सरासरी वजन कमी होत होतं, म्हणजे नवी पिल्लं येत होती. पण प्रकारानुसार नोंदी वेगळ्या केल्यावर वेगळंच चित्र दिसलं. वाढत होता तो निळ्या परांचा पाहुणा. उंच पाठीचा मूळ मासा कमी होत चालला होता.

त्याच्या घसरणीला फक्त पाहुणा जबाबदार नाही. धरणं, वाळूउपसा आणि सुरुंग लावून होणारी मासेमारी हीसुद्धा कारणं आहेत. पण एकूण महसीर वाढत असल्यामुळे ही घसरण कुणाच्या नजरेत आली नाही.

छोट्या तळ्यातून मासे पकडून दुसरीकडे सोडले तर?

जाळ्याने गाळ ढवळतो आणि नको ते मासेही अडकतात. त्या तुलनेत फ्लाय फिशिंग हा सौम्य पर्याय वाटतो. यात पिसं आणि दोऱ्याने बनवलेला, किड्यासारखा दिसणारा हलका गळ वापरतात. एका वेळी एकच मासा येतो, त्यामुळे हवा तो ठेवून बाकीचे सोडता येतात. गळाला उलटा काटा नसेल, हात ओले असतील आणि मासा पाण्याबाहेर कमीत कमी वेळ राहिला, तर तो जगण्याची शक्यता वाढते. उन्हाळ्यात मात्र कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. तेव्हा तेवढीच झटापट जिवावर बेतू शकते.

दुसरी अडचण अशी की गळाला लागणारे मासे हा तळ्याचा खरा नमुना नसतो. अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या रिज लेक या छोट्या तलावातल्या बास माशांवर अनेक पिढ्या प्रयोग झाले. सहज गळाला लागण्याचा स्वभाव पुढच्या पिढीतही उतरतो, असं त्यात दिसलं. म्हणजे अशा थोड्याच माशांपासून नवी पिढी उभी केली, तर तिच्यात तळ्यातली सगळी विविधता येत नाही. शिवाय माशांसोबत पाणी जातं आणि पाण्यासोबत परजीवी व रोगही जातात.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये झालेल्या दुरुस्तीने केंद्र सरकारला आक्रमक परकीय प्रजातींवर बंधनं घालण्याचा अधिकार दिला. पण त्यात परकीय म्हणजे भारताबाहेरची प्रजाती. मुळा-मुठेचा मासा कावेरीसाठी परका असला, तरी या व्याख्येत तो बसत नाही. नदीला राज्याची किंवा देशाची सीमा कळत नाही, तिला स्वतःचं खोरं कळतं. कायद्यात नेमका तोच विचार नाही.

मग मासे सोडायचेच नाहीत का?

सोडायचे, पण त्याच खोऱ्यातले, ओळख पटलेले आणि पुरेशा संख्येतल्या नर-माद्यांपासून वाढवलेले. सोडल्यानंतर नोंदी ठेवणंही तितकंच गरजेचं आहे. गलीबोरेच्या नोंदी 2012 मध्ये थांबल्या, कारण अभयारण्यातली गळाची मासेमारी बंद झाली. त्यानंतर नदीत काय घडतंय हे सांगणारी रोजची वहीच उरली नाही.

उंच पाठीचा महसीर आता प्रामुख्याने भवानीला मिळणाऱ्या मोयार नदीत तग धरून आहे. त्याला वाचवण्यासाठी उद्या त्याचंही बीज तयार करावं लागेल. लोणावळ्यात मिळवलेलं कौशल्य तिथे नक्कीच कामी येऊ शकतं. या वेळी फक्त पिशवी सोडण्याआधी आतला मासा कोणत्या नदीचा आहे, हे पाहावं लागेल.