पुनर्दर्शन

लहानपणीं गोड लागलेलीं बोरें मोठेपणीं त्याच झाडाखालीं जाऊन पुन्हां चाखूं नयेत, असें आमच्या मातोश्री म्हणत असत. बोर तेंच असतें, जीभ ती राहत नाहीं, हा त्यांचा अभिप्राय. जुनीं पुस्तकें, जुनीं गाणीं, जुनीं खेळणीं यांविषयीं पुष्कळ वाचकांचा अनुभव असाच असेल. प्रस्तुत लेखांत आम्ही अशाच एका पुनर्दर्शनाची हकीकत सांगणार आहों. मात्र तिचा शेवट आम्हीं कल्पिला होता तसा झाला नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवतों.

रामानंद सागर यांची 'रामायण' ही मालिका दूरदर्शनवर २५ जानेवारी १९८७ रोजीं सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत चालली. दर रविवारीं सकाळीं साडेनऊ वाजतां एक, असे तिचे ७८ भाग झाले. आमच्या मुकुटबनांत त्या वेळीं टीव्हीचे संच बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांतील एक आमच्या घरीं होता. तो कृष्णधवल होता. तरी सीतेच्या साडीचा रंग कोणता यावर बायकामंडळींत वाद होत, आणि प्रत्येकीस आपला रंग दिसलेला असे! छपरावरील अँटेना वाऱ्यानें फिरली कीं पडद्यावर मुंग्या येत. मग एकानें शिडीवर चढावें, दुसऱ्यानें अंगणांत उभें राहावें आणि तिसऱ्यानें घरांतून "आलें, आलें, गेलें" असा पुकारा करावा, असा तो समारंभ असे.

तीर्थरूप दादा रविवारीं लवकर स्नान करून संचास फुलांचा हार घालीत व उदबत्ती लावीत. नऊ वाजल्यापासून माणसें जमूं लागत. पुढें सतरंजीवर मुलें, मागें खुर्च्यांवर वडील मंडळी, स्वयंपाकघराच्या दारांत स्त्रिया, अशी बैठक ठरलेली असे. आमचा पुतण्या तेव्हां आठ वर्षांचा होता. त्याची जागा सर्वांच्या पुढें. भाग संपला कीं तुराट्यांचे बाण आणि पऱ्हाटीच्या काड्यांचीं धनुष्यें घेऊन लंकेचें युद्ध आमच्या अंगणांत दुपारपर्यंत चाले.

यानंतर ३३ वर्षें गेलीं. सन २०२० च्या मार्चांत हा पुतण्या शेताच्या कांहीं कामासाठीं पुण्याहून आला, आणि २५ तारखेस देशभर टाळेबंदी लागल्यामुळें येथेंच अडकला. तीन दिवसांनीं, २८ मार्चपासून, दूरदर्शननें 'रामायण' सकाळीं नऊ व रात्रीं नऊ असें दोन वेळां पुन्हां दाखविण्यास आरंभ केला. १६ एप्रिल रोजीं ती मालिका ७ कोटी ७० लक्ष लोकांनीं पाहिली असें दूरदर्शननें पुढें जाहीर केलें. त्या कोटींत आम्ही दोघेहि होतों.

पहिले कांहीं दिवस मातोश्रींच्या बोरांचा प्रत्यय आला. आकाशांत दोन बाण समोरासमोर येऊन थबकत. दशरथानें एक वाक्य उच्चारलें कीं दरबारांतील प्रत्येकाचा चेहरा क्रमाक्रमानें दाखविला जाई. पुतण्या म्हणाला, "काका, एवढ्या बाणांसाठीं आम्ही जेवण टाकून पळत होतों?" आम्हीहि आपली जुनी तक्रार काढली. केवटानें रामाचे पाय धुतल्याचा प्रसंग वाल्मीकींत नाहीं, तो तुलसीदासांचा. शबरीच्या उष्ट्या बोरांचाहि मूळ ग्रंथांत पत्ता नाहीं. १९८७ मध्यें हेंच आम्हीं भर बैठकींत सांगितलें होतें, आणि दादांनीं "मास्तर, शाळा उद्यां आहे" असें म्हणून आम्हांस गप्प बसविलें होतें. त्या आठवणीनें दोघेहि पुष्कळ हंसलों.

मग एके दिवशीं निषादराज गुहाचा प्रसंग आला. राम वनवासास निघून गंगेच्या तीरीं शृंगवेरपुरास येतो. गुह त्यास सामोरा जातो आणि राम त्याला हृदयाशीं धरतो. आम्ही उत्साहानें म्हणालों, "हा प्रसंग मात्र मुळांतला! वाल्मीकींचा राम गुहास दोन्ही बाहूंनीं आलिंगन देतो. भोजन घेत नाहीं, फक्त घोड्यांपुरता चारा मागून घेतो, आणि रात्रीं इंगुदीच्या झाडाखालीं गवतावर निजतो." पुतण्यानें उत्तर दिलें नाहीं. थोड्या वेळानें त्यानें विचारलें, "काका, तो पोडावरचा माझा मित्र कोठें बसत असे?"

मुकुटबनच्या आसपास कोलामांच्या वस्त्या आहेत. त्यांस पोड म्हणतात. अशा एका पोडावरील मुलगा आमच्या शाळेंत तिसरींत होता. पुतण्याचा तो सोबती. तुराट्यांचे सरळ बाण निवडावे तर त्यानेंच. दर रविवारीं तो शेतांच्या बांधांवरून चालत येई. तो कोठें बसे? वाचकहो, तो बसत नसे. बाहेरच्या ओट्यावर उभा राहून, खिडकीचे गज धरून पाही. त्याला 'आंत येऊं नकोस' असें आमच्या घरांतील कोणीहि कधीं म्हटलें नाहीं. म्हणण्याची गरजच नव्हती. आपली जागा कोणती हें त्याला ठाऊक होतें, आणि त्याला तें ठाऊक आहे हें आम्हांस ठाऊक होतें. भाग संपल्यावर खडीसाखरेचा प्रसाद वांटला जाई. खिडकीच्या गजांतून, हातास हात न लागेल अशा बेतानें, त्याच्या ओंजळींत ती खडीसाखर टाकणारे आम्हीच होतों. वर्गांत त्याची पाटी तपासणारेहि आम्हीच.

नैयायिक स्मृति आणि प्रत्यभिज्ञा यांत भेद करतात. स्मृतीस पूर्वींचा संस्कार पुरतो. प्रत्यभिज्ञेस, म्हणजे 'हें तेंच' अशा ओळखीस, संस्काराबरोबर प्रत्यक्ष वस्तूहि समोर लागते. पुतण्याच्या स्मृतींत इतकीं वर्षें हनुमंताचें उड्डाण होतें, रावणाचें हास्य होतें, उदबत्तीचा वासहि होता. खिडकी नव्हती. लहान मुलास खोलींतल्या जागा कोणी वांटून दिल्या हें दिसत नाहीं. भिंती जशा आहेत तशाच त्या जागा, असें त्यास वाटतें. वस्तु पुन्हां डोळ्यांपुढें आली तेव्हांच जें तेथें होतें आणि आठवणींत नव्हतें तें प्रकट झालें. त्याचा हा अज्ञानाचा भाग होय. आमचें तसें नाहीं. आम्ही तेव्हां लहान नव्हतों. मूळ ग्रंथांत काय आहे आणि काय नाहीं याची आम्हीं बारकाईनें तपासणी केली. खिडकीबाहेर कोण आहे याची केली नाहीं. आणि 'गुहाचें आलिंगन मुळांतलें आहे' ही आमची ग्वाही त्या दिवशीं त्या मुलानेंहि ऐकलीच असली पाहिजे.

टाळेबंदी उठल्यावर पुतण्या पुण्यास परत गेला. जातांना, "तो भेटला तर विचारा" असें म्हणाला. काय विचारा, तें त्यानें सांगितलें नाहीं. पुढें आठवड्याच्या बाजारांत तो आम्हांस भेटला. कानांवरचे केस पांढरे झालेले. कापूस पिकवितो, मुलगी वणीस शिकते. आम्हीं विषय काढला. 'रामायण' पुन्हां पाहिलें का, असें विचारतां तो मोकळेपणानें हंसला. म्हणाला, "पाहिलं ना गुरुजी. तवाचा बी एक भाग सोडला नोता म्या." मग आमच्या हातांतील पिशवी आपल्या हातांत घेत तो सहज बोलून गेला, "तो गुहाचा भाग झाला ना, त्या दिवशी मले वाटलं होतं, आज कोणी तरी अंदर ये म्हणन."

त्याच्या स्वरांत तक्रार नव्हती. असती तर उत्तर देणें सोपें गेलें असतें. आम्ही इतकेंच म्हणूं शकलों, "आम्हीं म्हणावयास पाहिजे होतें." तो म्हणाला, "जाऊं द्या. आतां घरी टीव्ही हाय. तुमीच या."

आम्ही गेलों. त्याच्या घरांत, पंख्याखालीं, त्याच्या मुलीनें सरकविलेल्या खुर्चीवर बसलों आणि चहा घेतला. टीव्हीवर कसला तरी क्रिकेटचा सामना चालू होता; तो कोणी फारसा पाहिला नाहीं. शाळेच्या, पिकाच्या गोष्टी निघाल्या. एवढ्यानें त्या दीड वर्षाच्या रविवारांची फेड झाली, असें समजण्याइतके आम्ही भोळे नाहीं. आठ वर्षांच्या मुलास हवें असलेलें निमंत्रण चाळिशीच्या माणसास देतां येत नाहीं.

मातोश्रींचें वचन तेव्हांपासून आम्हीं मनांतल्या मनांत थोडें दुरुस्त केलें आहे. बोर तेंच असतें, जीभ बदलते, हें खरें. परंतु म्हणूनच तें एकदां पुन्हां चाखून पाहावें. वाचकांपैकीं ज्यांचें बालपण अशा एखाद्या मालिकेसमोर गेलें असेल त्यांनीं ती अवश्य पुन्हां पाहावी. पाहतांना पडद्यावरील दोषांची यादी लवकर आटोपावी, आणि मग आपल्या त्या जुन्या खोलीकडे वळून, कोण कोठें बसलें होतें तें आठवावें. घरांत वडील मंडळी असल्यास त्यांनाहि विचारावें. त्यांना ठाऊक असतें.