संख्या घटली, हिशेब बदलला नाही

लोकसंख्येचा विषय निघाला की आपला सुशिक्षित वर्ग अद्यापि ‘गरिबांना मुले फार’ असा सुस्कारा टाकतो. हे विधान आता वस्तुस्थितीस धरून नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ आढळला, लोकसंख्या स्थिर राहण्यास तो २.१ असावा लागतो. १९२१ साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा समाजाने त्यांची हेटाळणी केली. १९५२ मध्ये देशाने तेच कार्य शासकीय धोरण म्हणून पत्करले. संख्येपुरती ती लढाई राज्याने जिंकली आहे.

परंतु या विजयाची किंमत कोणी दिली, हे धाराशिव जिल्ह्यात दिसते. साडेसोळा लाख वस्तीच्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे मुली होत्या अवघ्या ८६७. राज्याचा आकडा होता ८९४. कुटुंब लहान झाले ते मुलींना वगळून.

याचा दोष अज्ञानाला देणे सोपे आहे. आम्हांस त्याच्या मुळाशी हिशेब दिसतो. कळंब, भूम, वाशी भागांतील कोरडवाहू शेतकरी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघतो. तेथे नवरा-बायको मिळून एक कोयता; मुकादमाची उचल मिळते ती कोयत्यावर. हातपाय थकले की कोयता सुटतो. भविष्यनिर्वाह निधी नाही, निवृत्तिवेतन नाही. निराधार वृद्धांचे शासकीय साहाय्य २०२३ मध्ये वाढले, तेही दरमहा १५०० रुपयांपर्यंतच. मग मुलगा हाच म्हातारपणाचा विमा आणि हुंडा देऊन परघरी पाठवावयाची मुलगी हा खर्च, असा जमाखर्च घरोघर मांडला जातो. तो निर्दय आहे, हे खरे. पण तो खोटा ठरावा असे आपण त्या घराला काय दिले आहे?

अशा घरावर शासनाने दोन अपत्यांची मर्यादा घातली. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्यास पंचायतीची निवडणूक लढविण्यास अपात्र ठरविण्यात आले; २००५ च्या नियमांनी सरकारी नोकरीलाही तोच निकष लावला. संख्या बांधली गेली, मुलाची निकड मात्र कायम राहिली. तेव्हा दोहोंतील जागा कोणी सोडावयाची, हे सांगावयास नको. गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये केला. परंतु जी निकड एक नियम वाढवितो, ती दुसऱ्याने दडपता येत नाही.

आमचे स्पष्ट मत असे की, अपत्ये मोजण्याचे धोरण आता पुरे झाले. ऊसतोड मजुराच्या नावे, नवरा-बायको दोघांच्याही स्वतंत्र खात्यांत, दर हंगामास म्हातारपणाची तरतूद जमा झाली पाहिजे. आईबाप फडावर असताना मुलीची शाळा तुटू नये म्हणून गावोगाव हंगामी वसतिगृहे चालली पाहिजेत. ज्या घरी मुलगी शिकेल, मिळवील आणि म्हातारा बाप मुलाचा मिंधा राहणार नाही, त्या घरी मुलीची वाट पाहिली जाईल. खेड्याने शासनाचा उपदेश ऐकला. आता शासनाने त्या घराचा हिशेब वाचावा.