नाव तिचे, मान दुसऱ्यांचा



अमेरिकेतल्या चित्रकथांमधले महावीर आता आपल्या लेकरांना परके राहिलेले नाहीत. आधी सिनेमा आला, मग टीव्ही, मग हातात मोबाईल आला. आणि आकाशात उडणारे, भिंतीवर चढणारे हे वीर चाळीतल्या खोलीपर्यंत येऊन पोचले. ‘कॅप्टन मार्व्हल’ कोण, असे घरातल्या शाळकरी पोरीला विचारून पाहा. सोनेरी केसांची कॅरल डॅन्व्हर्स, असे ती चटकन सांगेल. पण मार्व्हल कंपनीच्या चित्रकथांत हे नाव पहिल्यांदा धारण करणारी स्त्री कॅरल नव्हती. ती एक काळी स्त्री होती. तिचे नाव मोनिका रॅम्बो. तिची कहाणी आणि तिच्या वाचकांचा राग, दोन्ही आपण समजून घ्यावे असे आम्हांला वाटते.

मोनिका चित्रकथेत आली १९८२ साली. लेखक रॉजर स्टर्न, चित्रकार जॉन रोमिटा धाकटे. न्यू ऑर्लिन्स शहराच्या बंदरावर गस्त घालणाऱ्या दलात ती लेफ्टनंट होती. बाप आगीच्या बंबावर नोकरी केलेला, आई शिवणकाम करणारी. म्हणजे घर कष्टकऱ्यांचेच. कॅप्टनची जागा निघाली तेव्हा लायक असूनही तिला डावलले गेले. पुढे एका अपघातात तिला शक्ती मिळाली आणि ती स्वतः प्रकाश होऊ लागली. १९८३ साली ती ‘अ‍ॅव्हेंजर्स’ या नामांकित वीरांच्या संघात शिरली आणि १९८७ साली त्यांची प्रमुख झाली. अमेरिकेतले बडे बडे वीर एका काळ्या बाईचा हुकूम ऐकत आहेत, असे चित्र छापून आले. ज्यांनी ते लहानपणी पाहिले, त्यांना ते कधी विसरता आले नाही.

पण हे वैभव फार टिकले नाही. प्रमुखपद पुन्हा कॅप्टन अमेरिकाकडे द्यावे, असे संपादकांना वाटू लागले. ज्या रीतीने ते करायचे होते, त्यात मोनिका नालायक ठरत होती. आपण हरकत घेतली आणि मालिका आपल्या हातून गेली, असे स्टर्न यांनी नंतर सांगितले आहे. १९८८ साली कथेत मोनिकाची शक्ती गेली, शरीर वाळून गेले आणि ती संघाबाहेर पडली.

एवढ्यावरही थांबले नाही. १९९० च्या दशकात ‘कॅप्टन मार्व्हल’ हे नाव पहिल्या, मरण पावलेल्या कॅप्टनच्या मुलाकडे गेले. बापाचे नाव मुलाला, असा तो हिशेब. मोनिकाने ‘फोटॉन’ असे नवे नाव घेतले, तर पुढे तेही त्याच मुलाने घेतले. मग ती ‘पल्सर’ झाली, मग २०१३ पासून ‘स्पेक्ट्रम’. दरम्यान २०१२ साली मूळ नाव कॅरलला मिळाले. तिच्या नावावर १९८९ आणि १९९४ साली एकेक सुटा अंक निघाला. पण स्वतःची मालिका मिळायला डिसेंबर २०२२ उजाडावा लागला, आणि तीही पाच अंकांची. चाळीस वर्षांच्या चाकरीला पाच अंक! नाव हिसकावले जाणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना आम्ही वेगळे समजावून सांगायला नको.

हे एकट्या मोनिकाचेच झाले असते तर योगायोग म्हणून सोडून दिले असते. पण तसे नाही. १९९४ साली ‘ग्रीन लँटर्न’ या वीराच्या प्रेयसीचा खून करून तिचे प्रेत फ्रीजमध्ये कोंबलेले दाखवले. का, तर वीराला सूड घ्यायला कारण हवे होते! १९९९ साली गेल सिमोन यांनी अशा मारलेल्या, जखमी केलेल्या, शक्ती हिरावलेल्या नायिकांची यादीच जगापुढे ठेवली. ती लांबलचक होती. स्टेफनी ब्राऊन ही मुलगी २००४ साली बॅटमनची सहकारी ‘रॉबिन’ झाली आणि त्याच वर्षी तिला कथेत मारून टाकले. तिच्या आधीच्या मृत रॉबिनचा पोशाख बॅटमनने काचेच्या कपाटात जपून ठेवला होता. स्टेफनीच्या वाट्याला तेवढेही आले नाही. वाचकांनी त्यावरून चळवळ उभी केली. २००८ साली स्टेफनी जिवंत परतली.

यावर धंद्यातल्या लोकांचे उत्तर ठरलेले असते : अशा नायिका खपत नाहीत. २०१७ साली मार्व्हलच्या विक्री विभागाच्या एका अधिकाऱ्याने याच अर्थाचे बोलून दाखवले आणि गदारोळ झाल्यावर खुलासा केला. पण खप मोजतात कसा, ते पाहा. तिथे चित्रकथांची दुकाने महिने दोन महिने आधी अंकांची मागणी नोंदवतात, आणि न विकलेला माल बहुधा परत घेतला जात नाही. दुकानदार साहजिकच जुन्या, ठाऊक नावांवर पैसे लावतो. नव्या नायिकेची मागणी कमी येते आणि तिची मालिका बंद पडते. पाटीवर नावच लिहायचे नाही आणि गिऱ्हाईक आले नाही म्हणून भाजीला दोष द्यायचा, त्यातला हा प्रकार!

तसे नसते तर कमला खानचे कौतुक कसे झाले असते? जर्सी सिटीत वाढलेली ही पाकिस्तानी वंशाची मुसलमान मुलगी २०१४ साली ‘मिस मार्व्हल’ म्हणून स्वतःच्या मालिकेत आली. संपादक सना अमानत, लेखिका जी. विलो विल्सन. २०१५ साली तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. फाळणीच्या वेळी तिचे पूर्वज आपल्या मुंबईहून कराचीला गेले, असेही एका अंकात आहे. २०१५ सालीच सॅन फ्रान्सिस्कोच्या बसगाड्यांवर मुसलमानांविरुद्ध जाहिराती लागल्या, तेव्हा लोकांनी त्यांवर कमलाची चित्रे चिकटवली. अशा या मुलीला मे २०२३ मध्ये मारले, तेही तिच्या नव्हे, स्पायडरमॅनच्या मासिकात! दोन महिन्यांत तिला परत आणले हे खरे; पण तिचे मरणसुद्धा दुसऱ्याच्या दुःखासाठी वापरले गेले, हा वाचकांचा सल गेला नाही.

कुणी म्हणेल, चित्रकथेत पुरुष वीरही मरतात आणि परत येतात. बरोबर आहे. पण सुपरमॅन १९९२ साली मेला तो स्वतःच्या मासिकात, स्वतःची लढाई लढत मेला, आणि परतल्यावर त्याचे नाव त्याला मिळाले. फरक मरणाचा नाही, मानाचा आहे.

कुणी असेही म्हणेल, कागदावरच्या बायकांसाठी एवढा जीव कशाला टाकायचा? आमचे म्हणणे असे : कागदावर कुणाला पुढे बसवले आणि कुणाला दाराशी उभे केले, ते पोर न शिकवता शिकते. पाचवीतली मुलगी गोष्टीत आपल्यासारखी कोण आहे ते आधी शोधते. ती सापडली आणि चौथ्या पानावर मेली, तर त्या पोरीने काय शिकावे?

म्हणून माता-पित्यांना एवढेच सांगणे. पोरांच्या हातून चित्रकथा वा मोबाईल हिसकावू नका. शेजारी बसा आणि तीन प्रश्न विचारा. या गोष्टीतल्या बाईला स्वतःचे काम आहे का? तिचे नाव तिच्याकडेच राहिले का? तिला दुःख झाले, तर ते तिचे म्हणून दाखवले, की दुसऱ्या कुणाला शूर करण्यासाठी? पोरे उत्तर बरोबर देतात. आणि एकदा हे प्रश्न विचारायची सवय लागली, की ती चित्रकथेपुरती राहत नाही.