मार खाणारीला फुलांचं दुकान नसतं

फाउंटनच्या फुटपाथवर एक पुस्तक ढिगानं पडलेलं असतं. चोरून छापलेलं, कव्हरवर गुलाबी फुलं. 'इट एंड्स विथ अस', लेखिका कोलीन हूवर, अमेरिकेची. कादंबरी २०१६ सालची. मग २०२१ च्या सुमाराला टिकटॉकवर पोरी कॅमेऱ्यापुढं ढसाढसा रडून ती वाचायला सांगू लागल्या, आणि ती लाखांनी खपली. ऑगस्ट २०२४ मध्ये सिनेमाही आला. आपल्याकडं टिकटॉक २०२० लाच बंद झालं, पण रडणं मात्र बंदरातून सुटून आलं.

नवरा मारतो त्यावरचं पुस्तक आहे, असं कुणीतरी म्हणालं म्हणून मी घेतलं. मॅट्रिकचं इंग्रजी, शेजारी डिक्शनरी, गोदीत रात्रपाळीच्या सुट्टीत दहा-दहा पानं. दोस्तहो, मी खोटं बोलणार नाही. मधली काही पानं खरी आहेत. लिलीचा बाप गावचा मेयर, बाहेर मान आणि घरात बायकोला मार. लिली बॉस्टनला येऊन फुलांचं दुकान काढते, मेंदूच्या डॉक्टरवर जीव लावते. एके रात्री भट्टीतनं भांडं काढताना त्याचा हात भाजतो, ती हसते, आणि तो मारतो. मग रडतो, माफी मागतो. ती माफ करते. पुढं जिन्यावरनं ढकलतो. पुन्हा माफी. बाई लगेच का निघून जात नाही, हे लेखिकेला कळलंय. स्वतःच्या आईवरनं तिला हे सुचलं, असं तिनं शेवटी लिहिलंय. नवऱ्याला सोडून निघालेल्या त्या माउलीला माझा जय भीम.

पण मग लेखिकेनं काय केलं? मारणाऱ्याला लहानपणीचं एक दुःख दिलं. त्याच्या हातनं बंदुकीनं भाऊ मेला होता. म्हणजे वाचणाऱ्या पोरीनं त्याच्यासाठीही रडावं. आणि लिलीसाठी ॲटलस ठेवला. हा पोरगा पूर्वी बेघर, ओसाड घरात राहायचा, लिली त्याला खायला द्यायची. या पोराची भूक मला वाचायची होती. तर तो मोठा होऊन भेटतो तेव्हा बॉस्टनमध्ये हॉटेलचा मालक! भुकेला माणूस यांच्या प्रेमकथेत शेवटपर्यंत चालत नाही. आधी त्याला मालक करावं लागतं.

ही गोष्ट मी आईला सांगितली. तिनं सगळी ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, "दुकानाचं भाडं कोण भरायचं रं?"

माझी आई कधी निघाली नाही. खोली बापाच्या नावावर होती. माहेरी पत्र्याची एकच खोली आणि भावाची सहा तोंडं. माफ करायला तिला कुणी वेळच दिला नाही. सकाळी पाणी यायचं, ते भरायचं होतं. लिली शेवटी निघते, बरं झालं. पण तिच्याकडं धंदा आहे, नणंद पैशातली आहे, वाट बघणारा हॉटेलवाला आहे. यातलं एकही नसेल तर? तिथं पुस्तक गप्प. म्हणूनच या मारावर धंदा करता येतो. जानेवारी २०२३ मध्ये या कादंबरीवर रंग भरायची वही काढायचं ठरलं होतं! वाचकांनीच शिव्या घातल्या तेव्हा ती मागं घेतली.

आपल्याकडं बेबीताई कांबळे होत्या. फलटणला त्यांचंही दुकान होतं, किराण्याचं. पुड्या बांधायच्या रद्दीवर त्या वाचायच्या, आणि नवऱ्याच्या नकळत लपवून लिहायच्या. 'जिणं आमुचं' १९८६ ला पुस्तक झालं. त्यात आपल्याच घरातल्या सुनांचा मार आहे आणि सोडवायला कुणी हॉटेलवाला येत नाही. ते वाचून रडून मोकळं होता येत नाही. मान खाली जाते.

आणि ती आपलीच जायला पाहिजे. बायांना काडीमोडाचा, वारशाचा हक्क मिळावा म्हणून बाबासाहेब झटले, हिंदू कोड बिल अडवलं म्हणून १९५१ ला मंत्रिपद सोडलं. आणि आपल्यातला एखादा कवी सभेत विद्रोह वाचतो, घरी जाऊन भाजीत मीठ कमी म्हणून हात उचलतो. त्यालाही लहानपणीचं दुःख आहे. आपल्या सगळ्यांनाच आहे. ते बायकोच्या पाठीवर उतरवायचा परवाना नाही.

हूवरबाईंना मी सोडून देतो. गड्यांनो, मला तुम्हाला विचारायचंय. उद्या तुमच्या चाळीतली एखादी बाई रात्री दोन वाजता पोरं घेऊन बाहेर पडली, तर ती कुणाचं दार वाजवेल? तुमचं वाजवेल? आणि ती तुमच्याच घरातनं निघालेली असली तर?

आधी याचं उत्तर द्या. प्रेमाच्या कविता नंतर.