सणाला घरी नसलेले

डिसेंबर सरत आला की यवतमाळ जिल्ह्यात कापसाच्या गाड्या जिनिंगच्या रस्त्याला लागतात, तुरीच्या शेंगा भरतात आणि घरोघरी सांबारवडीचा बेत ठरतो. थंडीचे हे दिवस माणसे जमण्याचे. नाताळ याच दिवसांत येतो. या वर्षी नाताळच्या शुभेच्छा देताना आम्हाला आठवण होते ती सेवेसाठी या मुलखात आलेल्या आणि ऐन सणाला घरापासून लांब राहिलेल्या तरुणांची.

अर्नेस्ट वॉर्ड आणि त्यांच्या पत्नी फीबी हे अमेरिकन मिशनरी जोडपे १८८१च्या आरंभी मुंबईला उतरले. दोघेही तिशीच्या आसपासचे. त्यांचे पहिले ठाणे बऱ्हाणपूर. पुढे फ्री मेथॉडिस्ट मिशनचे काम वऱ्हाडात आले आणि यवतमाळ त्याचे केंद्र झाले. त्या काळी अमेरिकेचे पत्र बोटीने इकडे पोहोचायला महिना-दीड महिना सहज लागे. म्हणजे नाताळची खुशाली वेळेवर हाती पडायची तर घरच्यांनी ती दिवाळीच्या सुमारासच लिहायला हवी. आई आजारी असल्याचे कळेपर्यंत ती बरी झालेली असायची, किंवा गेलेलीही. बर्फाच्या प्रदेशातून आलेल्या माणसाने कपाशीच्या रानात, नुकत्याच शिकू लागलेल्या भाषेत सण साजरा करायचा, हे सोपे नव्हते. धर्मप्रसाराविषयी मतभेद आपल्याकडे तेव्हाही होते, आजही आहेत आणि त्यांची चर्चा मोकळेपणाने व्हायला हवी. पण वाद घालताना समोरचा तरुण माणूस आहे, त्यालाही घर आहे, हे नजरेआड होऊ नये.

दूर जाणारा नेहमी गोराच असतो असेही नाही. १९५३ साली यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि १९८३मध्ये ती पुण्याला गेली. मधली तीस वर्षे देशाच्या वेगवेगळ्या राज्यांतली मुले या गावात धर्मशिक्षण घेत होती. यवतमाळला तेव्हा मूर्तिजापूरची ‘शकुंतला’ ही नॅरोगेज रेल्वे होती. मोठी गाडी धरायची तर एसटीने धामणगाव गाठावे लागे. तिथून ईशान्येकडच्या डोंगराळ गावी पोहोचायचे म्हणजे गाड्या बदलत कित्येक दिवसांचा प्रवास. ज्याच्याकडे तेवढे पैसे नसतील, त्याचा नाताळ यवतमाळातच होणार, हे उघड आहे.

अशा परक्याला सणात सामावून घेण्याची ताकद मराठी नाताळात आहे, असे आम्हाला वाटते. त्याचे मोठे श्रेय रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९५मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घर दुरावले. लक्ष्मीबाई आणि ते काही वर्षे वेगळे राहिले. ताटातूट म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्याच टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंग आणि ओवी दिली. त्यांची गीते ‘उपासना संगीत’मधून आजही घराघरांत म्हटली जातात. वऱ्हाडातल्या ख्रिस्ती घरी नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळे होतात आणि दारात चांदणीचा कंदील लागतो. हा सण आता इथल्या मातीचा आहे. म्हणूनच त्याच्या पंगतीत बाहेरून आलेल्याला जागा करून देणे इथल्या माणसांना जमते.

सेवेसाठी घर सोडणारे तरुण आजही आहेत. लॅटर-डे सेंट्स या अमेरिकन पंथात अठरा-वीस वर्षांची मुले-मुली दीड-दोन वर्षे सेवेसाठी परमुलखात जातात. २०१९पर्यंत त्यांना घरी फोन करायची परवानगी प्रामुख्याने वर्षातून दोनदा असे, मातृदिनाला आणि नाताळला. आता दर आठवड्याला बोलता येते. तो बदल योग्यच झाला. घराची ओढ लागली म्हणून सेवाभाव उणा ठरत नाही.

आपल्या जिल्ह्यात आज मिशनरी हा शब्द लागू न होणारी, पण त्याच वाटेने आलेली माणसे पुष्कळ आहेत. झरी-जामणी, मारेगाव, केळापूरच्या कोलाम पोडांजवळच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांजवळच्या, आरोग्य केंद्रांत बंधपत्रावर आलेला डॉक्टर, केरळहून आलेली नर्स, सातारा-सोलापूरकडचा शिक्षक, स्वयंसेवी संस्थेत वर्ष-दोन वर्षांसाठी दाखल झालेली मुलगी. पोळ्याला, दिवाळीला, ईदेला, नाताळला गावातले लोक घरी असतात आणि ड्युटी बहुधा यांच्याच वाट्याला येते. मोबाइलवर आईचा चेहरा दिसतो, हे खरे. पण तिच्या हातचे जेवण मिळत नाही आणि खोलीवर परतल्यावर बोलायला कुणी नसते. आपण मात्र त्यांच्याकडून सेवा घेतो, वेळेवर न मिळाली तर तक्रार करतो आणि सणाला ते कुठे जेवले याची चौकशी करत नाही. ही उणीव आपली आहे.

दूर आलेला माणूस या गावात टिकतो की बदलीचा अर्ज लिहितो, याला पगाराइतकीच गावाची वागणूक कारण असते. ग्रामपंचायतींनी आणि शाळा-दवाखान्यांच्या समित्यांनी निदान एवढे ठरवावे, की सणाला एकटा राहणारा कर्मचारी कुणाच्या ना कुणाच्या घरी जेवेल. वाचकांना मात्र समितीच्या ठरावाची वाट पाहण्याची गरज नाही. तुमच्या गावात असे कुणी असेल तर या नाताळला, आणि संक्रांतीलाही, त्याला घरी बोलवा. निरोप आदल्या दिवशीच द्या, म्हणजे त्याला ड्युटी बदलून घेता येईल.