घासाला युरिया का पडतो?

ज्वारी-कापसाच्या कोरडवाहू शेतकऱ्यांपुढे लसूणघासाची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात ज्वारीचा भरवसा नाही. ती गेली की कित्येक घरे दावणीच्या दुधावर निघतात. विहिरीत उरलेल्या पाण्यावर चार-सहा गुंठे घास जगवायचा आणि दर कापणीमागे त्यावर युरियाची मूठ फेकायची, ही रीत गावोगाव दिसते. ती आम्हाला पटत नाही.

घास द्विदल आहे. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतले नत्र पिकाला देतात. पेरताना थोडे नत्र लागते, कारण गाठी धरायला वेळ लागतो. पुढे आयते नत्र मिळू लागले की गाठींचे काम मंदावते. म्हणजे फुकटचा गडी घरी बसवून विकतचा गडी लावायचा! शिवाय त्या युरियावर वाफ्यातले तण आधी माजते.

घासाची खरी भूक स्फुरद आणि पालाशची. एक टन वाळलेल्या घासातून साधारण ६ ते ७ किलो स्फुरद आणि २५ किलोच्या आसपास पालाश रानाबाहेर जाते. घास तीन-तीन वर्षे उभा राहतो, महिन्या-सव्वा महिन्याला कापला जातो. एवढी उचल दुसरे कोणते पीक करते?

पण पोत्यातले सगळे खत मुळांपर्यंत पोचत नाही. किती पोचायचे ते जमीन ठरवते. आपल्याकडच्या चुनखडीच्या रानात स्फुरद चुन्याला चिकटून बसते, जस्त आणि लोहही अडते. लोह अडले की कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी म्हणतो, नत्र कमी पडले, आणि आणखी युरिया टाकतो. अशा रानात स्फुरद वरून फोकण्यात अर्थ नाही. पेरणीआधीच ते कुजलेल्या शेणखताबरोबर मुळांच्या थरात गेले पाहिजे. उभ्या घासात ती संधी परत येत नाही. सुपर फॉस्फेट घेतले तर स्फुरदाबरोबर गंधकही मिळते, आणि द्विदलाला ते हवेच असते.

मुरमाड रानाचे दुखणे वेगळे. स्फुरद मुळाकडे सरकते ते मातीतल्या ओलीतून. ओल तुटली की खत जागच्या जागी पडून राहते. पाणी नसेल तेव्हा खताचा हप्ता वाढवणे म्हणजे पैसे मातीत पुरणे. पाटण-महाबळेश्वरकडच्या तांबड्या आम्ल मातीत स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियम धरून ठेवतात. तिथे आधी चुना लागतो. कृष्णाकाठी मिरज, वाळवा, पलूसच्या क्षारपड रानात सोडियम पालाशच्या आड येतो, आणि वर फेकलेल्या युरियातले नत्र अमोनिया होऊन उडते. तिथे पहिला खर्च चराचा. रान चोपण असेल तर माती तपासून जिप्समचा. खताची पाळी त्यानंतर.

मग युरियाच का पडतो? शेतकरी अडाणी आहे म्हणून नव्हे. २५ ऑगस्ट १९९२ रोजी स्फुरद-पालाशवरचे किंमत नियंत्रण उठले, युरियावरचे राहिले. देशातला नत्र-स्फुरद-पालाश वापर १९९१-९२ मध्ये ५.९ : २.४ : १ होता, तो वर्षभरात ९.५ : ३.२ : १ वर गेला. २०१० साली अन्नद्रव्यावर आधारित अनुदान आले, त्यातूनही युरिया वगळला. ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना आणि ५० किलोचे डीएपी १३५० रुपयांना धरा. युरियातले नत्र किलोला १३ रुपयांच्या आत पडते. डीएपीतले स्फुरद, त्यातल्या नत्राचे पैसे वजा करूनही, ५० रुपयांच्या वर जाते. भाव असे ठेवायचे आणि वर ‘संतुलित खते वापरा’ म्हणून मेळावे भरवायचे, हा उपदेश कोणी ऐकावा?

भाव बदलायला वेळ लागेल. तोवर घास पेरण्याआधी माती तपासा. अहवालात नत्र-स्फुरद-पालाशच्या आकड्यांवर समाधान मानू नका. सामू, क्षार आणि चुनखडीचे प्रमाण मागून घ्या. आणि तीन वर्षांनी घास मोडून त्या रानात ज्वारी किंवा कापूस घ्याल, तेव्हा पहिल्या वर्षी युरियाचा नेहमीचा हप्ता घालण्याआधी पिकाचा रंग पाहा. गाठींचे नत्र तिथे शिल्लक असते.